आपलं ते सोन्याचं!

मैत्रिणींनो, परवा शनिवारी शाळा सुटून मी घरात पाऊल टाकते न टाकते, तोच खालून बोहारणीची आरोळी ऐकू आली. आमच्या पेठेत आता ती पूर्वीसारखी नेमाने फिरकत नाही, दोन-दोन महिने दिसत नाही. त्यामुळे चप्पलसुद्धा न काढता मी तिला वर बोलावलं आणि कपाटाच्या तळाशी बांधून ठेवलेलं गाठोडं तिच्यापुढे सोडलं. पाच साड्या, ह्यांच्या दोन पँटी आणि मुलाचे आखूड झालेले चार शर्ट. माझा डोळा होता तिच्या टोपलीतल्या स्टीलच्या मोठ्या पातेल्यावर.

तिने पहिली साडी उचलली, उजेडात धरली, घडीवर बोट फिरवलं आणि बाजूला टाकली. "विरलीय ताई. ही नाही चालायची."

"विरली? अगं, नीट बघ तरी! हिला मी पाचदासुद्धा नेसले नसेन!"

खरं सांगते, ती साडी मी किमान पन्नासदा नेसले असेन. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर होता तो तिचा पहिला दिवस. मुलाच्या बारशाला घेतलेली, आईने पदरावरून हात फिरवून "रंग छान आहे गं" म्हटलेली साडी. बोहारणीला मात्र दिसत होतं ते फक्त घडीवर विरलेलं कापड. मला वाटत होतं, ही बाई मला लुबाडते आहे. तिला वाटत असणार, या बाईला कापडातलं काही कळत नाही!

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी तिने धोरणाने ते पातेलं टोपलीतून काढून माझ्या हातात दिलं. "जड बघा किती आहे. आणखी एक साडी टाका आणि ठेवून घ्या. नाहीतर द्या परत." पातेलं हातात आलं, मी ते उलटंसुलटं करून पाहिलं, बुडावर टिचकी मारली, आणि काय झालं कोण जाणे, ते परत देववेना! मुकाट्याने कपाटातून सहावी साडी काढून दिली.

संध्याकाळी सासूबाईंनी पातेलं पाहिलं. "सहा साड्या देऊन हे? पत्रा केवढा पातळ आहे!" लगेच मी फणकारले, "पातळ कुठं? चांगलं जाड आहे की!" दुपारपर्यंत त्याच पातेल्याला मी बोहारणीपुढे 'पातळ' म्हणून नावं ठेवत होते. आता ते माझं होतं ना!

म्हणजे बघा, अर्ध्या तासात एकच गोष्ट दोनदा घडली. माझी साडी मला महाग वाटली, कारण ती माझी होती. आणि पातेलं माझं झाल्याबरोबर तेही महाग झालं. साडी बदलली नाही, पातेलंही बदललं नाही. बदलली ती फक्त मालकी. 'आपला तो बाब्या' ही म्हण आपण दुसऱ्यांच्या लेकरांवरून एकमेकींना ऐकवतो, पण ती आपल्या फडताळातल्या डब्यांनाही तितकीच लागू आहे.

कपाची गोष्ट

हा काही केवळ आपणा बायकांचा हळवेपणा नव्हे, बरं का! थोरामोठ्यांनी यावर डोकं खपवलं आहे. आमच्या शाळेत वरच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्यांनी मला हे सांगितलं आणि नंतर एक पुस्तकही वाचायला दिलं.

रिचर्ड थेलर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1980 साली या स्वभावाला नाव दिलं, 'एंडोमेंट इफेक्ट'. आपण आपल्या भाषेत 'मालकीची माया' म्हणू या. जी वस्तू आपली नसताना आपण शंभर रुपयांना घेतली नसती, तीच आपली झाल्यावर दोनशेलाही द्यायला आपण तयार होत नाही. पुढे 2017 साली या थेलरांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

थेलर, डॅनियल कानेमान आणि जॅक नेच या तिघांनी मिळून केलेला कपाचा प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका वर्गात त्यांनी निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक कप दिला. तिथल्या दुकानात तो सहा डॉलरला मिळत असे. ज्यांना कप मिळाला त्यांना विचारलं, केवढ्याला विकाल? ज्यांना मिळाला नव्हता त्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? आता कप कोणाला द्यायचा हे काही आवडीनिवडी पाहून ठरवलेलं नव्हतं. तेव्हा हिशेबाने निम्मे कप तरी हातोहात बदलायला हवे होते. झालं असं की, कपवाले सव्वापाच डॉलरच्या आसपास अडून बसले आणि बिनकपवाले सव्वादोन-पावणेतीनच्या वर जाईनात. सौदे झाले ते अगदी मोजके. आणि तो कप त्यांच्या मालकीचा होऊन काही वर्षं झाली नव्हती हो, अवघी काही मिनिटं झाली होती!

यांच्यापैकी नेच यांनी त्याआधी 1989 साली आणखी एक गंमत केली होती. एका गटाला कप किंवा चॉकलेट यांतलं हवं ते निवडायला सांगितलं, तेव्हा शंभरातल्या 56 जणांनी कप निवडला. म्हणजे दोन्हींची आवड जवळपास सारखीच. दुसऱ्या गटाला आधी कप दिला आणि मग विचारलं, चॉकलेटशी बदलायचा का? शंभरातल्या 89 जणांनी कपच ठेवला. तिसऱ्या गटाला आधी चॉकलेट दिलं, तर शंभरातल्या 90 जणांनी चॉकलेट सोडलं नाही!

माझा काही यावर विश्वास बसेना. म्हणून मी माझ्या सातवीच्या वर्गात तेच करून पाहिलं. एका ऑफ तासाला दहा रुपयांची चिक्की आणि दहा रुपयांचं पेन असा खाऊ नेला. वर्गात चाळीस मुलं. डावीकडच्या रांगांना पेन दिलं, उजवीकडच्यांना चिक्की. "तास संपेपर्यंत कुणी वापरायचं नाही, खायचं नाही," असं बजावून हजेरी घेतली, थोडा वेळ वाचन घेतलं आणि मग म्हटलं, "ज्यांना बदलून हवं त्यांनी पुढे या." उठली किती? पाच! एरवी चिक्कीसाठी भांडणारा एक मुलगा पेन मुठीत घट्ट धरून बसला होता. त्याला विचारलं, "अरे, तुला चिक्की आवडते ना?" तर म्हणतो कसा, "आवडते, बाई. पण हे आता माझं आहे ना!"

माझा प्रयोग काही शास्त्रीय नव्हे, हे मलाही कळतं. पण त्या पोराने एका वाक्यात सगळं सांगितलं.

असं का होतं?

याची दोन कारणं जाणकार सांगतात. पहिलं असं की, मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं असतं. वाटेत शंभराची नोट सापडली तर आपण संध्याकाळपर्यंत विसरून जातो. पण पर्समधून शंभराची नोट पडली तर चार दिवस हळहळतो. विकणारी काहीतरी गमावत असते आणि घेणारी मिळवत असते. म्हणून एकाच वस्तूच्या दोघींच्या तराजूत दोन किमती.

दुसरं कारण मला अधिक पटतं. जे आपलं झालं ते आपलाच एक भाग होऊन बसतं. 2009 सालच्या एका प्रयोगात, ज्यांच्याजवळ आधीच एक कप होता अशांना तसाच दुसरा कप विकत घ्यायला सांगितलं. त्यांना काही गमावायचं नव्हतं. तरी ते विकणाऱ्यांइतकीच किंमत द्यायला तयार झाले. 'माझ्याकडे आहे तसला' एवढं कळलं की वस्तू चांगलीच वाटायला लागते!

मग ही माया सर्वांना सारखीच असते का? तर नाही. जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञाने 2003 साली खेळाडूंची चित्रं असलेल्या पत्त्यांच्या बाजारात पाहणी केली. त्या बाजारात मुरलेल्या, सतत देवघेव करणाऱ्यांमध्ये ही ओढ फारच कमी आढळली. आमची बोहारीण तशीच की! रोज गाठोडी येतात, रोज भांडी जातात. ती कशात जीव गुंतवणार?

आणि टांझानियातले हाड्झा लोक आहेत, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून राहणारे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, बाजारापासून दूर राहणारे हाड्झा मिळालेली वस्तू सहज बदलून घेत होते. मात्र ज्यांचा बाजाराशी आणि प्रवाशांशी संबंध आला होता, ते आपल्याप्रमाणेच हातातली वस्तू सोडत नव्हते. म्हणजे ही माया सगळीच काही जन्माबरोबर येत नाही, थोडी आपण शिकतोही.

आईचं मशीन

इथपर्यंत वाचून तुम्ही हसला असाल. मीही हसत होते. पण त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कपाची गोष्ट ऐकता ऐकता माझा घास हातातच राहिला होता. मला आठवत होतं आईचं शिलाई मशीन.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. तिचं काळं पायमशीन माझ्याकडे आलं. मला शिवण येत नाही. फार तर बटण लावीन. त्यामुळे ते हॉलच्या कोपऱ्यात, तिनेच विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली उभं होतं. त्यावर वर्तमानपत्रं, विजेची बिलं आणि ह्यांच्या गाडीच्या किल्ल्या. आठवड्यातून एकदा धूळ पुसायची, एवढीच त्याची सेवा.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची मुलगी माझ्याच शाळेतली. मला 'बाई' म्हणणारी. बारावीनंतर तिने शिवणाचा कोर्स केला. हात चांगला होता तिचा. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी एक दिवस ती आईबरोबर आली. हातात रुमालाची पुरचुंडी. म्हणाली, "बाई, तुमचं मशीन नुसतंच असतं. मला द्याल का? अडीच हजार साठवलेत."

मला काय वाटलं सांगू? आधी धक्का बसला. अडीच हजार? आईच्या मशीनचे? ज्यावर तिने दरसाल दिवाळीला आम्हा दोघी बहिणींचे फ्रॉक शिवले, वडील आजारी असताना रात्री जागून शेजारपाजारचे ब्लाऊज शिवून घर चालवलं, त्या मशीनचे अडीच हजार? मी म्हटलं, "अगं, जुन्या काळचं लोखंड आहे. सहा हजारांच्या खाली नाही देता यायचं." आणि गंमत अशी की, सहा हजार सांगतानाही मी स्वतःला उदारच समजत होते!

तिने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा आईकडे. "बरं, बाई. विचार करून सांगते," म्हणाली. पुरचुंडी पुन्हा कमरेला गेली. मावशी दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्याच आल्या. या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त चहा घेताना पूर्वी दोन मिनिटं टेकायच्या, तेवढं बंद झालं.

दिवाळीनंतर मी मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. म्हटलं, विकायचंच तर नीट किंमत तरी कळू दे. त्याने चाक फिरवून पाहिलं. चामड्याचा पट्टा वाळून तडकलेला, शटल जाम झालेलं. म्हणाला, "आहे असं दीड हजार. जास्तीत जास्त." मी त्याच्यावर इतकी चिडले की, त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आणि मग ती कपाची गोष्ट ऐकली.

त्या रात्री मला झोप येईना. दीड हजार आणि सहा हजार यांच्यामध्ये जे साडेचार हजार होते, ते कशाचे? लोखंडाचे तर नव्हेत. ते होते आईच्या पायांच्या लयीचे, दिवाळीच्या फ्रॉकांचे, रात्री उशिरापर्यंत ऐकू येणाऱ्या त्या खडखडाटाचे. ती किंमत खोटी नव्हती, मैत्रिणींनो. माझ्यापुरती ती अगदी खरी होती. पण ती माझी होती. त्या मुलीने माझी आई पाहिलेलीच नव्हती. आणि मी माझ्या आईच्या आठवणींचे पैसे तिच्या पुरचुंडीतून वसूल करायला निघाले होते!

पट्टा नवा घातला, शटल साफ करून घेतलं, सातशे रुपये खर्च आला. मग एका रविवारी मावशींच्या घरी गेले. म्हटलं, "पोरीला सांगा, मशीन घेऊन जा. पैशांचं नंतर बघू." मुलगी आतून बाहेर आली. तिच्यामागे खोलीत नवं मशीन उभं होतं. बचत गटाचं कर्ज काढून घेतलेलं. हप्ता चालू होता.

मी म्हटलं, "अगं, मला एकदा विचारायचंस तरी!" तर ती अगदी साधेपणाने म्हणाली, "बाई, मला वाटलं, तुम्हाला द्यायचंच नाही, म्हणून तुम्ही किंमत वाढवून सांगितलीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. कारण ते खरं होतं. मला द्यायचं नव्हतं, आणि ते सरळ सांगायचं धैर्यही नव्हतं. 'नाही' म्हणायच्या ऐवजी मी सहा हजार म्हटलं होतं. माझ्या त्या एका आकड्यापायी ती पोर आज दरमहा हप्ता भरते आहे.

पुढे तिनेच तिच्या वर्गातली एक बाई आणली. दोन हजारांत मशीन गेलं. नेण्याआधी ही मुलगी स्वतः येऊन त्याला तेल घालून, चालवून देऊन गेली. बऱ्याच वर्षांनी घरात तो आवाज घुमला आणि मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले. मशीनच्या खणातलं आईचं अंगुस्तान, रिळांचा डबा आणि तो क्रोशाचा रुमाल मी ठेवून घेतला. खरं सांगते, तेवढं पुरतं. आई त्या मशीनमध्ये नव्हतीच. कोपऱ्यात चार वर्षं उभी होती ती माझी हळहळ.

दुकानदाराला हे कधीच ठाऊक होतं

शास्त्रज्ञांनी नाव आत्ता दिलं असेल, पण कापडवाल्यांना ही विद्या कधीपासूनची अवगत आहे. साडी नुसती उलगडून दाखवत नाहीत, उठून आपल्या खांद्यावर पदर टाकतात आणि आरशापुढे उभं करतात. "घ्या अगर घेऊ नका, अंगावर तर बघा!" एकदा अंगावर आली की ती निम्मी आपली झालीच. वस्तू नुसती हाताळली तरी ती आपली वाटू लागते आणि तिचं मोल वाढतं, हेसुद्धा 2009 सालच्या एका अभ्यासात दिसून आलं आहे. बोहारणीने पातेलं माझ्या हातात दिलं ते काही उगीच नव्हे!

"घरी नेऊन दाखवा, पसंत नाही पडली तर परत आणा," हीदेखील तीच युक्ती. आता तर मोबाईलवरून मागवलं की माल दारात येतो, आणि परत करायची सोयही असते. पण प्रामाणिकपणे सांगा, मागवलेल्यातलं आपण किती परत करतो? खोकं उघडलं, वस्तू ओट्यावर ठेवली की ती 'परत करायची वस्तू' राहत नाही. ती आपली होते आणि तिच्यातले दोष दिसेनासे होतात.

थोडं घरातल्यांविषयी

या मायेची आणखी एक बाजू आहे, आणि घरातली बरीच भांडणं तिथून निघतात. आपलं ते सोनं वाटतं, त्याच हिशेबाने दुसऱ्याचं ते अडगळ वाटतं. सासूबाईंचे पितळी डबे मी कित्येक वर्षं 'जागा अडवणारे' म्हणत आले. मोडीत घाला म्हणून दोनदा सुचवलंसुद्धा. मोडीत पितळ वजनावर जातं, घडणावळ आणि कल्हईचा खर्च कोणी धरत नाही. त्यामुळे मला तो आकडा दिसत होता आणि त्यांना दिसत होता पहिल्या पगारातून मामंजींनी आणलेला संसार. मशीनची गोष्ट घडल्यापासून मी पितळी डब्यांविषयी तोंड उघडलेलं नाही. उलट परवा चिंच-मीठ लावून ते लखलखीत घासून ठेवले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री आपणहून म्हणाल्या, "दोन डबे तुझ्या जावेला देऊन टाक. आपल्याला एवढे कशाला?" ज्याची वस्तू त्यानेच सोडली तर जड जात नाही, दुसऱ्याने ओढून घेतली की गाठ घट्ट होते.

काय करून पाहाल?

आता उपदेश नको, चार अनुभवाच्या गोष्टी सांगते.

1. जुनी वस्तू विकायला काढताना 'ही केवढ्याला देऊ?' असं विचारू नका. 'हीच वस्तू आज जुन्या बाजारात दिसली असती तर मी केवढ्याला घेतली असती?' असं विचारा. उत्तर ऐकून जीव थोडा खट्टू होईल, पण ते खऱ्याच्या जवळचं असेल.

2. किंमत स्वतः ठरवू नका. ज्याचा त्या वस्तूशी काही संबंध नाही अशा दोघांना विचारा. भाऊ-बहीण नकोत, त्यांनाही तीच माया असते!

3. आठवण आणि वस्तू वेगळी करा. जुन्या साडीचा पदर कापून गोधडीत लावा, मशीनचं अंगुस्तान ठेवा, मोठ्या कपाटाचा नुसता फोटो काढून ठेवा. आठवणीला जागा फार थोडी लागते. राहिलेल्या वस्तूची बाजारात जी असेल ती किंमत घ्या.

4. एखादी वस्तू द्यायचीच नसेल, तर 'नाही' म्हणा. तसं म्हणण्यात कमीपणा नाही. पण वाढीव किंमत सांगून समोरच्याला परत पाठवू नका. ते त्याला कळतं, आणि लागतं.

5. खरेदीला जाताना किती खर्च करायचा तो आकडा घरीच कागदावर लिहून न्या. आणि तो कागद पाहिल्याशिवाय पदर खांद्यावर घेऊ नका. घरपोच आलेली वस्तू नको वाटली, तर त्याच दिवशी परतीची व्यवस्था करा. चार दिवस घरात राहिली की ती जात नाही.

6. भावंडांत भांडीकुंडी वाटायची वेळ आली, तर एकाने वाटे करावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावा. आपल्या हाताने वाटे करताना कोणता वाटा आपल्या पदरात पडेल हे ठाऊक नसतं, त्यामुळे ते आपोआप सारखे होतात.

एवढं सगळं लिहिलं म्हणून मालकीची माया वाईट असं मात्र समजू नका. ती नसती तर फाटलेल्या पिशवीला आपण टाका घातला नसता, चिरलेल्या बरणीत लोणच्याऐवजी डाळ भरून ती वापरली नसती, की भाड्याच्या घराला दिवाळीत रंग दिला नसता. संसार बराचसा त्या मायेवरच चालतो. फक्त ती माया आपल्या खात्यावर मांडायची, दुसऱ्याच्या नाही.

माझं नवं ब्लाऊज आता मावशींच्या मुलीकडेच शिवायला टाकते. मजुरी ती सांगेल ती. परवा तिने शंभर रुपये कमी सांगितले, तर मी म्हटलं, "तुझ्या मशीनची किंमत तू ठरव, माझं ऐकू नकोस. माझा अंदाज नेहमीच चुकतो!" तेव्हा ती मोकळेपणाने हसली. मावशी त्या दिवशी चहाला दोन मिनिटं टेकल्या.

आणि ते पातेलं? कालच त्यात दूध तापवलं. पत्रा पातळच आहे हो, दूध बुडाला लागलं. पण सासूबाईंना सांगू नका. मी अजून त्यांना म्हणते आहे, "काय छान पातेलं मिळालं!"